कढई रिकामी का राहते? केळी वेफर्सच्या छोट्या कारखान्याचा हिशोब

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, यावल, चोपडा, भुसावळ या पट्ट्यात केळी आहे, म्हणून वेफर्सची कढईही आहे. पाच-सात माणसं, एक भट्टी, चकत्या पाडायचं मशीन आणि पाकिटं सील करायचं यंत्र एवढ्यावर कारखाना उभा राहतो. माणसं दिवसभर राबतात, कोणी बसलेलं दिसत नाही, आणि तरीही संध्याकाळी माल हवा तेवढा निघत नाही. मग मालक आणखी दोन माणसं लावतो किंवा मोठं मशीन घ्यायला निघतो. बहुतेक वेळा दोन्हीची गरज नसते. आधी पाहायचं असतं ते हे, की काम नेमकं कुठे अडतं आणि कुठला माल किती वेळ नुसता पडून राहतो.

धुळ्याकडे पांझरा नदीवर फड पद्धतीने, म्हणजे बंधाऱ्यातून निघालेल्या सामाईक पाटाने, पाणी फिरवणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. बंधाऱ्यात पाणी कितीही असो, पाट जिथे सगळ्यात अरुंद आहे तिथून जाईल तेवढंच पुढच्या शेताला मिळतं. वरच्या अंगाला पाट रुंद केला तर पाणी वाढत नाही, अरुंद जागेच्या मागे तुंबतं एवढंच. कारखान्यातही अशी एक अरुंद जागा असते. दिवसाचा माल ती ठरवते, बाकीच्यांचा वेग नाही.

ती शोधायला एक वही, एक घड्याळ आणि एक दिवस पुरतो. प्रत्येक टप्प्यावर एका तासात किती माल पुढे जातो ते लिहा. मात्र सगळे आकडे एकाच मापात आणा, म्हणजे सालीसकट कच्च्या केळीच्या किलोत. नाहीतर सोललेली केळी, चकत्या आणि पाकिटं यांची तुलनाच होत नाही. उदाहरणासाठी असा कारखाना धरू:

सोलणी: चौघी, प्रत्येकी तासाला २० किलो, म्हणजे ८० किलो.
चकत्या: मशीनची क्षमता तासाला १५० किलोच्या वर.
तळणी: एक कढई, दर सहा मिनिटांना ३ किलो चकत्यांचा एक घाणा. तासाला १० घाणे, ३० किलो चकत्या, म्हणजे साधारण ५० किलो कच्ची केळी.
पॅकिंग: दोघं, प्रत्येकी तासाला २०० ग्रॅमची ६० पाकिटं, मिळून २४ किलो वेफर्स. कच्च्या केळीत मोजलं तर ९५ किलोच्या आसपास.

अरुंद जागा कढई आहे, यात शंका उरत नाही. आठ तास सलग चालली तर तिच्यातून ४ क्विंटल केळी निघायला हवी. प्रत्यक्षात अडीच क्विंटल निघत असेल तर दीड क्विंटल, म्हणजे पूर्ण तीन तास, कढई तापलेली असूनही रिकामी होती किंवा तापलीच नव्हती.

हे तीन तास कुठे गेले? कढईजवळ एक पाटी टांगा. तेलात माल नसेल तेव्हा तळणाऱ्याने वेळ आणि कारण लिहायचं. चार दिवसांत चित्र उघडं पडतं. सकाळी भट्टी माणसं आल्यावर पेटते आणि तेल तापायला अर्धा तास जातो. पहिली सोललेली केळी यायला आणखी वीस मिनिटं लागतात. सगळे एकदम जेवायला बसतात, पाऊण तास. सिलिंडर घाण्याच्या मधेच संपतो आणि भरलेला सिलिंडर मागच्या खोलीत असतो. मसाला बदलताना तळणाराच मसाला मळायला जातो. दुपारी तेल गाळायला पुन्हा अर्धा तास. यातलं एकही कारण मोठं नाही, म्हणूनच एरवी ती नजरेत भरत नाहीत.

या मिनिटांना किंमत लावली की ती दिसू लागतात. धरा की वेफर्सच्या विक्रीतून केळी, तेल, गॅस आणि पाकीट वजा करून किलोमागे ६० रुपये उरतात. कढईच्या एका तासात साडेबारा किलो वेफर्स निघतात, म्हणजे तास ७५० रुपयांचा आणि मिनिट साडेबारा रुपयांचं. पाऊण तासाच्या जेवणाची किंमत झाली साडेपाचशेच्या वर, रोजची. सोलणीत वाया गेलेल्या तासाची किंमत मात्र जवळपास शून्य आहे, कारण सोलणी तशीही कढईच्या पुढे धावते. एकाच छपराखालच्या दोन तासांची किंमत इतकी वेगळी असते, आणि छोट्या धंद्यात पैसा सगळ्यात जास्त इथेच चुकीच्या ठिकाणी लागतो, असं आमचं ठाम मत आहे.

उपाय साधे आहेत. तळणारा आणि एक सोलणारी ताई अर्धा तास आधी येतील आणि अर्धा तास आधी जातील. जेवण पाळीपाळीने होईल आणि कढईसाठी दुसरा शिकलेला हात तयार ठेवायचा. दुसरा सिलिंडर जोडलेलाच असेल, नुसता कॉक फिरवायचा. मसाल्याच्या पुड्या आदल्या संध्याकाळी वजन करून बांधलेल्या असतील. चवींचा क्रम पक्का: आधी उपवासाचे सैंधव घातलेले, मग साधे खारे, मग काळी मिरी, शेवटी लाल तिखट. हा क्रम उलटा झाला की दर वेळी परात, झारा, ट्रे सगळं धुवावं लागतं, आणि उपवासाच्या पाकिटात तिखटाचा कण निघाला तर गिऱ्हाईक परत येत नाही.

आता सोलणीकडे बघा. ती तासाला ८० किलो देते, कढई ५० घेते. दर तासाला ३० किलोचा माल मधे साठतो. दोन तासांनी ६० किलो केळीचा, म्हणजे ३६ किलो सोललेला माल टोपल्यात पडलेला असतो. तो हवेने काळा पडतो, म्हणून पाण्यात टाकला जातो. मग पाणी धरलेल्या चकत्या तेलात जातात, तेल थंड होतं, फेस येतो, घाणा लांबतो. म्हणजे सोलणीच्या वेगाने कढईच आणखी हळू केली. सोलणी कढईच्या तालावरच चालायला हवी. मधे दोनच टोपल्या ठेवा, प्रत्येकी १५ किलोच्या. दोन्ही भरल्या की सोलणं थांबवून त्या हाताने पाकिटं भरायची किंवा जेवणाची पाळी सांभाळायची. कढईपुढे पाऊण-एक तासाचा माल तयार असणं पुरेसं आहे. त्याहून कमी असेल तर कढई उपाशी राहते.

पडून राहण्याचं एकच सूत्र

एखादी वस्तू सरासरी किती वेळ पडून राहते याचं एक सोपं सूत्र आहे: पडलेला साठा भागिले बाहेर जाण्याचा वेग. अमेरिकेतले जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये ते गणिताने सिद्ध केलं. भागाकार शाळकरी आहे, पण कारखान्यातल्या तीन वेगवेगळ्या दुखण्यांना तोच लागू पडतो.

पहिलं दुखणं केळीचं. भाव पडला की दोन टन वापसी, म्हणजे निवडीत मागे पडलेला माल एकदम उतरवून घ्यायचा मोह होतो. रोज अडीच क्विंटल तळत असाल तर २० क्विंटल भागिले अडीच, म्हणजे शेवटची केळी आठव्या दिवशी कढईत जाईल. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असताना कच्ची केळी आठ दिवस हिरवी राहत नाही. पिकताना पिष्टाची साखर होते आणि साखर तेलात करपते. वेफर तपकिरी पडतो, चव कडवट होते, काप मऊ राहतो. त्यातलं एक फळ जरी पिकलं तरी त्यातून निघणारा इथिलीन वायू शेजारच्या फळांना पिकवतो. म्हणून दोन दिवसांचीच केळी ठेवा, सावलीत आणि वाऱ्यावर. उन्हाळ्यात भोवती ओलं गोणपाट टांगा. प्रत्येक ढिगावर उतरवल्याची तारीख खडूने लिहा आणि पिवळी छटा दिसलेली फणी लगेच बाहेर काढा. स्वस्त केळीतून वाचलेला पैसा चौथ्या दिवसानंतर पिकलेल्या केळीबरोबर फेकला जातो.

दुसरं दुखणं तेलाचं, आणि ते सगळ्यात कमी ओळखलं जातं. आधी उताऱ्याचा हिशोब मांडू. १०० किलो कच्च्या केळीत साल आणि दांडा साधारण ४० किलो जातो. उरलेल्या ६० किलो गरात अंदाजे ७२ टक्के पाणी, म्हणजे घन भाग जवळपास १७ किलो. तयार वेफरमध्ये तेल एक तृतीयांशाच्या आसपास आणि पाणी दोन टक्के धरलं तर वेफर्स भरतात २५-२६ किलो. चुरा वजा जाता २५ धरा. तुमचा उतारा सतत २२च्या खाली असेल तर साल जाड निघते आहे, चुरा जास्त होतो आहे किंवा केळी कोवळी येते आहे. तिन्ही वेगवेगळी तोला, दोष कुठला ते एका दिवसात कळतं.

या २५ किलोत साधारण ८ किलो तेल गेलं. कढईत ४० किलो तेल असेल तर सूत्राप्रमाणे ४० भागिले ८, म्हणजे पाच क्विंटल केळी तळून होईपर्यंत तेल कढईत राहतं. रोज अडीच क्विंटल तळलं तर दोन दिवस. रोजचं काम एका क्विंटलवर आलं तर तेच तेल पाच दिवस तापत राहतं. तेल खराब होतं ते उष्णता, हवा, पाणी आणि बुडाशी जळणारा चुरा यांनी, आणि या चौघांना वेळ मिळाला की नासाडी वाढते. म्हणून मंदीच्या दिवसांत मोठी कढई चालवू नका. लहान कढई काढा किंवा एक दिवसाआड पूर्ण दिवस तळा. दर दोन तासांनी चुरा काढा आणि संध्याकाळी तेल कोमट असताना कापडातून गाळून झाकून ठेवा. मीठ किंवा मीठ-हळदीचं पाणी तेलात ओतायची जुनी सवय असेल तर सोडा. तेल त्यानेही लवकर उतरतं. बारीक कोरडं मीठ गरम वेफर्सवर भुरभुरलं की चांगलं चिकटतं.

तेल टाकायचं कधी, हे डोळ्यांवर सोडू नका. १ जुलै २०१८ पासून अन्न सुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा आहे: तेलातले एकूण ध्रुवीय घटक (तेल तापून नासताना तयार होणारे) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरता येत नाही. हे मोजणारं हातातलं मीटर मिळतं, आणि दोन-तीन कारखान्यांनी मिळून एक घेतलं तरी चालतं. दिवसाला ५० लिटरच्या वर तेल तळणीला वापरणाऱ्यांना त्याची नोंद ठेवावी लागते आणि टाकाऊ तेल नोंदणीकृत संकलकालाच द्यावं लागतं.

तेल जास्त का लागतं, याचं उत्तर तळणीपेक्षा काढणीत आहे. चकती तेलात असते तोवर आतून वाफ बाहेर ढकलत असते, तेल आत शिरायला जागा नसते. बाहेर काढल्यावर आतली वाफ थंड होऊन पाणी होते, पोकळी होते आणि वरच्या पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून झारा उचलल्याबरोबर कढईवरच, गरम हवेत, अर्धा मिनिट हलवत निथळवा. थेट थंड ट्रेमध्ये ओतलेला घाणा जास्त तेल पितो. तेल १७५-१८० अंशांवर असतानाच घाणा सोडा. त्यासाठी थर्मामीटर हवाच, लाकडाची काडी बुडवून अंदाज घेणं पुरेसं नाही. घाणा ३ ऐवजी ५ किलोचा केला तर काम लवकर होईल असं वाटतं. होतं उलटं: तापमान झपकन उतरतं, चकती शिजत राहते, तेलकट निघते, आणि किलोमागे वेळही तेवढाच लागतो. काही जण म्हणतात तेल प्यायलं तर वजन वाढतं, तोटा काय? तोटा असा, की तेलकट वेफर लवकर खवटतो आणि दुकानातून परत येतो. परतीचं पाकीट म्हणजे केळी, तेल, गॅस, मजुरी आणि भाडं सगळंच गेलं.

जाडी दीड मिलिमीटरच्या आसपास आणि सगळीकडे सारखी हवी. बोथट पात्याने एकाच घाण्यात पातळ आणि जाड चकत्या येतात. पातळ करपतात तोवर जाड कच्च्या राहतात. केळीचा चीक पात्यावर बसतो, म्हणून दर तासाला पातं पुसून तेलाचा हात फिरवा आणि रोज सकाळी धार लावा. पात्यांचा जादा जोड हाताशी ठेवा.

गॅसचा हिशोबही याच ६० किलो गरातून निघतो. त्यातलं जवळपास ४३ किलो पाणी वाफ करून उडवायचं असतं. खोलीच्या तापमानाचं एक किलो पाणी वाफ व्हायला सुमारे २,५५० किलोज्यूल लागतात, आणि एक किलो एलपीजी जळून सुमारे ४६,००० किलोज्यूल देतो. भागाकार केला तर क्विंटलमागे २.४ किलो गॅस पुरायला हवा. उघड्या कढईत उष्णतेचा मोठा भाग बाजूने निघून जातो, म्हणून ६ ते ७ किलो लागणं रास्त आहे. मग १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरवर पावणेतीन ते तीन क्विंटल केळी तळून व्हायला हवी. दोन क्विंटलच्या आत सिलिंडर संपत असेल तर भट्टी तपासा. कढईच्या कडेने मोठी फट आहे का, बुडाला काजळी साठली आहे का, ज्योत निळी आहे की पिवळी, दारातून वारा थेट बर्नरवर येतो का? विटांचं गोल कडं आणि बर्नरची सफाई यांचा खर्च काही सिलिंडरांतच वसूल होतो. चकत्यांबरोबर क्विंटलमागे ३ किलो वरचं पाणी कढईत गेलं तर अर्धा किलो गॅस फुकट जातो, म्हणून पाण्यातली केळी पुसून, निथळवूनच मशीनवर घ्या.

पॅकिंगबद्दल दोनच गोष्टी. वेफर पूर्ण थंड झाल्याशिवाय पाकिटात भरू नका. आतल्या वाफेने तो सादळतो. आणि काटा एक ग्रॅमचा घ्या. २०० ग्रॅमच्या पाकिटात हाताने ६ ग्रॅम जास्त जात असतील तर ते ३ टक्के होतात. नफा विक्रीच्या ९ टक्के असेल तर नफ्याचा तिसरा हिस्सा रोज पाकिटात बांधून देत आहात. काटा शून्यावर आहे का, हे दर तासाला ओळखीच्या वजनाने तपासा.

उधारी हाही पडलेला मालच

तिसरं दुखणं पैशाचं. तेच सूत्र त्यालाही लावा. रोजची सरासरी विक्री १२,००० रुपये आणि वसुलीला सरासरी ६० दिवस लागत असतील तर ७ लाख २० हजार रुपये कायम बाजारात अडकलेले आहेत. त्यावर वर्षाला १२ टक्के व्याज म्हणजे ८६,४०० रुपये. वसुली ३५ दिवसांवर आणली तर ३ लाख मोकळे होतात, कुठलंही कर्ज न काढता.

यात कायदा तुमच्या बाजूने आहे, पण आधी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी हवी, आणि ती मोफत आहे. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या) कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने लेखी कराराप्रमाणे, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चढणारं चक्रवाढ व्याज लागू होतं. शिवाय आयकर कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर, मुदतीत न दिलेली ही रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खर्च म्हणून दाखवता येत नाही. आपल्याकडच्या नात्याच्या बाजारात व्याज मागणं जड जातं, हे खरं. त्याची गरजही सहसा पडत नाही. बिलावर उद्यम क्रमांक आणि देय तारीख ठळक छापा; मार्चच्या आधी खरेदीदाराचा सीए स्वतःच त्याला आठवण करून देतो.

सणाच्या ऑर्डरी घेताना आणखी एक हिशोब लक्षात ठेवा. आषाढी, श्रावण, नवरात्र, महाशिवरात्र जवळ आली की कढईचा दर तास विकून टाकावासा वाटतो. पण ऑर्डरी सारख्या अंतराने येत नाहीत. एकच कढई आणि वेळी-अवेळी येणाऱ्या ऑर्डरी असा साधा नमुना घेतला तर कढई ८० टक्के व्यस्त असताना ऑर्डरीला रांगेत सरासरी चार ऑर्डरींच्या कामाइतका वेळ थांबावं लागतं, ९० टक्क्यांवर नऊ आणि ९५ टक्क्यांवर एकोणीस. शेवटच्या पंधरा टक्क्यांत थांबणं जवळपास पाचपट होतं. म्हणून आठवड्याचा किमान अर्धा दिवस कढई मोकळी ठेवूनच तारखा द्या. दिलेली तारीख पाळणारा कारखाना पुढच्या एकादशीलाही दुकानदाराला आठवतो.

यंत्र घ्यायचंच असेल तर

आधी कढईचे वाया जाणारे तीन तास परत मिळवा, मगच यंत्राकडे वळा. २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदानाची तरतूद आहे. ते कर्जाशी जोडलेलं असून त्यात स्वतःचे किमान १० टक्के घालावे लागतात. जळगाव जिल्ह्याचं त्यातलं उत्पादन केळीच आहे. अनुदान मिळतंय म्हणून स्वयंचलित पॅकिंग मशीन आधी घेणारे पुष्कळ आहेत. पॅकिंग आधीच तासाला ९५ किलोचा माल उचलत होतं आणि कढई ५० देत होती, त्यामुळे ते मशीन निम्मा दिवस उभं राहतं आणि हप्ता मात्र पूर्ण दिवसाचा जातो.

त्यापेक्षा दुसरी कढई आणि भट्टी लावली तर तळणी तासाला १०० किलोवर जाते. मात्र त्याच दिवशी अरुंद जागा हलते. आता सोलणी ८० वर अडेल, तिच्या मागोमाग पॅकिंग ९५ वर. पाचवी सोलणारी ताई आली की सोलणी १०० होते आणि पॅकिंग सगळ्यात मागे पडतं. मग पॅकिंगचं यंत्र घेण्यात अर्थ आहे, तेही तासाला २५-३० किलो वेफर्स भरेल एवढंच. आणि तेल आता दोन कढयांत ८० किलो असेल, म्हणून रोजचं काम दुप्पट होईपर्यंत दुसरी कढई फक्त गर्दीच्या दिवशी पेटवा.